विनिपेगला आपलं कोण

गुऱ्हाळाचा वास आला की मला कॅनडा आठवतं. हसू नका. गुळाच्या वासानं कुणाला संक्रांत आठवते, कुणाला आजोळ, कुणाला उसाच्या कांडक्याला गुंडाळून चाटलेला गरम गूळ. मला मात्र विनिपेग नावाचं एक गाव आठवतं. ते मी पाहिलेलं नाही आणि बहुधा पाहणारही नाही. गेल्या रविवारी शिरूरहून वरवंडला निघाले होते. न्हावरा मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला आणि दौंड तालुक्यात शिरता शिरता एसटीच्या खिडकीतून तो वास आत आला. गोड, जड, थोडा करपट. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी काच आणखी सरकवली.

वरवंडला, माझ्या माहेरी, आता कुणी नाही. महिन्यातून दोनदा जाते, कुलूप उघडते, झाडलोट करते, अंगणातल्या लिंबाला पाणी घालते आणि परत येते. शेत चुलतभाऊ बघतो. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई विचारतात, "मग जाताच कशाला?"  घर उघडं राहावं म्हणून जाते, असं मी म्हणते. घर मला काही विचारत नाही, ते बरं आहे.

ज्या वर्षाची गोष्ट डोक्यातून जात नाही, त्या वर्षी पौषात थंडी चांगली पडली होती. आमची वस्ती गावापासून जरा आत, कॅनॉलच्या अंगाला. बांधाला लागून भाऊबंदांचं गुऱ्हाळ आहे. म्हणजे जागा त्यांची, चालवायला उत्तर प्रदेशातली माणसं. हल्ली आमच्याकडची बरीच गुऱ्हाळं तीच चालवतात. दिवस कलला की आप्पा, म्हणजे माझे वडील, घोंगडं खांद्यावर टाकून चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाकरी शेजारच्या चुलतीकडून यायची. ती येईपर्यंत ऊब आणि बोलायला माणूस, दोन्ही गुऱ्हाळावर मिळायचं. काहिलीत रस उकळत असायचा, कुणीतरी मळी काढत असायचं, चुलवाणात चिपाड टाकलं की भप्पकन उजेड पडायचा आणि आप्पांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजता याव्यात इतक्या स्पष्ट दिसायच्या. मी लहान असते तर म्हटलं असतं, आप्पा छान दिसतात. मोठी झाले होते, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या तब्येतीकडेच लक्ष जायचं.

माझा धाकटा भाऊ रवी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायचा. बायको मनीषा, मुलगी अन्वी नुकती शाळेत जायला लागलेली. शनिवारी संध्याकाळी तो दोघींना घेऊन वरवंडला यायचा आणि मीही शिरूरहून जायचे. त्याचं कॅनडाला कायमचं राहायला जायचं पक्कं झालं होतं. देश ठरला होता, गाव ठरायचं राहिलं होतं. तिथं म्हणे कुठंही जाऊन राहा, सरकारचं काही म्हणणं नसतं. आप्पांना नेमकी हीच गोष्ट पटेना.

"कुठंबी म्हंजी?" ते म्हणाले. "कुठंबी रहा आसं त्याला म्हणत्यात, ज्याचं कुठंच कोण न्हाई."

"आप्पा, चॉइस हाय म्हंजी आपल्याला," रवी म्हणाला. "चांगलं हाय ना ते."

मग तो चुलवाणाच्या उजेडात मोबाइल आप्पांसमोर धरायचा आणि एकेक शहर दाखवायचा. हे कॅल्गरी. हे एडमंटन. हे हॅलिफॅक्स, समुद्राच्या कडेला. बाहेर थंडी, पुढ्यात जाळ, आणि मोबाइलमध्ये उणे तीस. आप्पांनी पहिल्यांदा बर्फ बघितला तेव्हा मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"मीठ फुटलंय का रं जमिनीला?" त्यांनी विचारलं. "एवढी जमीन चोपण झाली आन् माणसं राहत्यात तितं?"

आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून रानं अशीच पांढरी पडतात. एकदा पांढरी पडली की त्यात काही येत नाही. आम्ही सगळे हसलो. रवी तर इतका हसला की त्याला ठसका लागला. आप्पाही हसले, पण मोबाइल परत देताना म्हणाले, "उन्हाळ्यात जातं का पण ते पांढरं?" जातं, असं रवीनं सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

त्या महिन्यात आप्पांनी कॅनडा जसं बघितलं, तसं कुणी बघितलं नसेल. ते लेक द्यायची म्हणून बघत होते. पाणी कसंय? गाव रस्त्यावर हाय का आडबाजूला? दवाखाना किती लांब? रवी शाळा, पगार, घरभाडं सांगायचा. आप्पा मान डोलवायचे आणि पुढचा प्रश्न मात्र आपलाच विचारायचे. "आन् तितं आपलं कोण हाय?"

मला ही पद्धत ओळखीची होती. माझं लग्न ठरवतानाही त्यांनी हेच केलं होतं. सगळ्यांनी मुलगा बघितला, त्याची नोकरी बघितली, घर बघितलं. आप्पा कुणाला न सांगता एकटे शिरूरला आले आणि आमच्या ह्यांच्या गल्लीत दोन-चार घरी पाणी मागून प्यायले. पाणी कसं देतात, आधी बसा म्हणतात की दारातूनच तांब्या पुढं करतात, एवढंच बघून परत गेले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "शेजार चांगला हाय. देऊ." मला तेव्हा राग आला होता. मला नवरा बघायचा होता आणि हे शेजार बघून आले! पुढं ह्यांचा अपघात झाला आणि हे अंथरुणाला खिळले, तेव्हा त्याच गल्लीनं माझं घर महिनाभर चालवलं. राग कधी गेला ते मला कळलंही नाही.

कॅनडातल्या गल्लीत जाऊन पाणी मागून पिणं शक्य नव्हतं. म्हणून आप्पांनी दुसरं टोक धरलं. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली तरी चौफुला यायच्या आत नातं निघतं. तुमचं गाव कोणतं, मामाचं कोणतं, बहीण कुठं दिली, एवढ्यावर काम होतं. कॅनडाचंच काय एवढं, असं आप्पांना वाटलं असावं. त्यांनी फोनवर फोन लावले. इंदापूरला लावला, श्रीगोंद्याला लावला, बारामतीच्या कुणा साडूच्या व्याह्यांना लावला. "तुमच्यात कोण कॅनडात हाय का वो?" असं ते, कुणाकडे बी-बियाणं आहे का विचारावं, तसं विचारत. आणि अखेर निघालं. आमच्या थोरल्या मावशीची नणंद पार्वतीबाई कवठे येमाईला राहायच्या. त्यांचा मुलगा सुनील विनिपेगला होता.

फोनवर काम भागलं असतं. पण आप्पांना असल्या गोष्टी फोनवर चालत नसत. त्यांनी गुऱ्हाळावरून गुळाची एक ढेप घेतली, फडक्यात बांधली, शिरूरला उतरून मला बरोबर घेतलं आणि आम्ही कवठे येमाईला गेलो. पार्वतीबाईंच्या ओट्यावर कांद्याची रोपं ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली होती. बाई एकट्याच होत्या. आम्ही का आलो ते कळल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, काही चुकलं की काय.

"आवं दाजी," मग त्या म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? माझ्या लेकाला तरी कोण हाय तितं? रोज म्हणतोय, आई, घरात बोलायला माणूस न्हाई. तुमचा रवी आला तर माझं निम्मं ओझं उतरंल."

"दोघं हायेत तर मग झालं," आप्पा म्हणाले. "एकामेकाला हाक मारता येईल."

त्यांनी ढेप सोडली आणि कोपरा फोडून एक खडा पार्वतीबाईंच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. आमच्याकडे सोयरीक जमली की साखर वाटतात. तिथं गूळ होता, म्हणून गूळ. दोन म्हाताऱ्या माणसांनी कवठे येमाईच्या ओट्यावर बसून कॅनडातलं एक शहर पक्कं केलं. येताना आप्पा एसटीत खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होते. इतके खूश मी त्यांना आई असतानाच बघितलं होतं.

रवी मात्र वैतागला.

"आप्पा, काम कॅल्गरीला जास्त हाय," तो शनिवारी म्हणाला. "माझा मित्र हाय तिथं. कंपनीत लावतो म्हणतोय. विनिपेगला काय हाय? थंडी त्याच्याहून जास्त!"

"मित्र म्हंजी कुठला?"

"बिहारचा. इथं माझ्याबरोबर लाइनला होता."

"मित्राचं ठीक हाय," आप्पा म्हणाले. "पण त्यो त्याचं बघल, का तुझं? पाव्हण्याला लाज असती. उद्या गावाला तोंड दाखवायचं असतं त्याला."

"पाव्हणा बी त्याचंच बघतो आप्पा. तिथं सगळे आपापलं बघत्यात."

आप्पांनी घोंगडं सावरलं. मनीषा जाळावर हात शेकत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. अन्वी काहिलीतल्या फेसाकडे बघत आजोबांना टेकून झोपून गेली होती. मला रवीचं पटत होतं. मला आप्पांचंही पटत होतं. मास्तरीण असून मला त्या दिवशी एकाचीही बाजू घेता आली नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, गुऱ्हाळावरचा रामसजीवन आजारी पडला. हा रवीच्याच वयाचा, काहिलीशी उभा राहून रस हलवणारा, गप्प गप्प माणूस. चिपाडाच्या ढिगावर गोणपाटात गुंडाळून पडला होता आणि थडथड उडत होता. रस उकळीला आला होता, त्याच्या सोबत्यांना काहील सोडून जाता येईना. आप्पा म्हणाले, "काढ रं गाडी." रवीनं गाडी काढली, मी मागं त्याला धरून बसले, आणि आम्ही केडगावला दवाखान्यात गेलो. आतून एक सिस्टर आल्या.

"कोण तुम्ही यांचे?"

"आमच्याइथलाच हाय," आप्पा म्हणाले.

"तसं नाही बाबा. नातं काय?"

आप्पांनी रवीकडे बघितलं, मग त्या पोराकडे.

"चुलता हाय मी त्याचा."

रामसजीवन तापात "अम्मा, अम्मा" करत होता आणि त्याचा हा धोतरातला चुलता वरवंडी मराठीत बोलत होता. सिस्टर हसल्या आणि त्याला आत घेतलं. सलाइन लावलं. दुपारी जरा शुद्धीवर आल्यावर त्यानं आप्पांचा हात धरला आणि म्हणाला, "चाचा, घर पे मत बताइएगा. अम्मा परेशान होगी." आप्पांना हिंदी फारशी येत नव्हती. एवढं मात्र त्यांना नीट समजलं. ते त्याच्या कपाळावरून हात फिरवत "न्हाई सांगत, न्हाई सांगत" म्हणत राहिले.

त्याच्यापाशी गुऱ्हाळावरचा एक जण येऊन बसला, तेव्हा आम्ही परत निघालो. चौफुल्याला चहाला थांबलो. आप्पांनी बशीत चहा ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"रवी, ह्याला आज मी चुलता झालो," ते म्हणाले. "तुला कोण हुईल रं?"

 हायवेवरून सोलापूरच्या गाड्या जात होत्या. रवीनं चहा संपवला, पैसे दिले, गाडीत बसला. किल्ली फिरवण्याआधी समोर बघतच म्हणाला, "ठीक हाय आप्पा. विनिपेग." आप्पांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. मलाही वाटलं, बरं झालं. अजून वाटतं, तेव्हा ते बरंच झालं होतं.

आता सगळ्यांना कळतं तसं मलाही कळतं की ही चूक होती. पण अशी चूक आमचीच माणसं करू शकतात. आम्ही काम सोडून माणूस निवडला.

रवी गेला तेव्हा गुऱ्हाळं थंडावली होती. सुनील विमानतळावर आला होता. अन्वीसाठी त्यानं जाड जाकीट आणलं होतं आणि घरून डब्यात वरण-भात. मनीषानं हे मला फोनवर सांगितलं, मी आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी आठवडेबाजारात भेटेल त्याला सांगितलं. वरण-भाताची गोष्ट वरवंडच्या बाजारात इतकी फिरली की एका म्हातारीनं मला विचारलं, "तितं तूरडाळ पिकती का गं?"

आणि मग, त्यांचा उन्हाळा लागल्यावर, सुनीलला दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळालं आणि तो गेला. दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या राज्यात. भाड्याच्या ट्रकमध्ये सामान भरलं, रवीनंच हात लावला, आणि गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. तिथं माणसं अशीच राहतात. काम जिकडे, तिकडे घर. मी हे आप्पांना समजावून सांगत होते आणि ते ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते.

"गाव सोडलं? मग घर कुणाला दिलं?"

"भाड्याचं होतं आप्पा."

"आन् रवीला काय म्हणला?"

"फोन करत जाईन म्हणाला."

आप्पा अंगणाकडे वळले.

"आपल्याकडं पाव्हणा म्हंजी गाव असतं, बाय," ते म्हणाले. "माणूस मेलं तरी गाव राहतं. कवाबी जा, दार असतं. मला वाटलं, तसंच आसंल."

पार्वतीबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. लेक दूर गेला याचं दुःख त्यांना होतंच, पण दिलेला शब्द मोडला याचं जास्त होतं. आप्पांनी त्यांची समजूत घातली. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी घोंगडं घेतलं आणि अंगणात जाऊन पाठमोरे बसले. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच निवला.

रवीला कॅल्गरीला जाता आलं असतं. पण तोवर त्याला एका कारखान्यात काम लागलं होतं, अन्वी शाळेत रुळली होती, आणि पुन्हा सगळं उचलायचं बळ मनीषात नव्हतं. रवीनं आप्पांना एका शब्दानं बोल लावला नाही. दर रविवारी फोन करायचा. आप्पांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "कोण भेटलं का?"

"भेटत्यात की. कंपनीत हायेत चांगले. एक फिलिपीनचा हाय."

"त्यो काय खातो?"

"भात खातो आप्पा."

"मग चांगलाय," आप्पा म्हणायचे. "त्याला घरी बलाव."

रवी "हो" म्हणायचा. बोलावलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

सध्या रवी घर घेतोय. म्हणून तर तो वास मला इतका झोंबला असेल. त्यानं मला दोन घरांचे व्हिडिओ पाठवले. पहिलं मोठं आहे. स्वयंपाकघर ऐसपैस, खाली तळघर, अन्वीला स्वतंत्र खोली. दुसरं जुनं, लहानसं, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी दोन माणसं उभी राहिली तर एकानं बाहेर जावं असं. "ताई, तू सांग," तो म्हणाला. शिकलेला, कमावता, जग बघितलेला माझा भाऊ; आणि शिरूरच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बहिणीला विचारत होता, विनिपेगात घर कुठलं घेऊ. मला भरून आलं. घर घेतलं म्हणजे आता तो येणार नाही, हेही त्याच वेळी कळलं. त्यालाही कळलं असणार, म्हणून त्याचा आवाज जरा जास्तच खुशीचा होता.

"शेजार कसाय रे?" मी विचारलं.

"कुणाला माहीत. थंडीचं कुणी बाहेर दिसत न्हाई ताई. त्या लहान घराशेजारी एक म्हातारा हाय एकटा. दारातला बर्फ काढत होता. मी गाडीतनं उतरलो तर त्यानं हात केला."

"तेच घे."

"अगं, पण किचन बघितलं का तू?"

"बघितलं. तेच घे."

 तो म्हणाला, "बरं." आम्ही दोघंही ज्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही, तोच आम्हाला दोघांनाही आठवत होता.

रवी गेला त्याच्या पुढच्याच पौषात आप्पा गेले. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते ते तसेच बसून राहिले. चुलती भाकरी घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, डोळा लागला. रवीला मी फोन केला. "थांबा, मी निघतो," असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच हिशेब करून म्हणाला, "नका थांबू ताई." तिथं वादळानं विमानं बंद होती. दहाव्यापर्यंत तो पोचला, सगळं नीट केलं, आणि गेला. पण त्या दिवशी तो ह्यांच्या मोबाइलमध्ये होता. दिवसभर ह्यांनी तो हातात धरला होता. बॅटरी संपत आली की कुणीतरी चार्जर आणून द्यायचं. त्या दिवशी गुऱ्हाळ बंद ठेवलं होतं. खांदा द्यायला रामसजीवन होता. रवीनं हे सगळं त्या छोट्या काचेतून बघितलं. मधूनच चित्र थांबायचं आणि त्याचा चेहरा अर्ध्या रडण्यात तसाच अडकून राहायचा.

स्मशानातून माणसं परतली, लिंबाचा पाला चावून झाला आणि दिवस मावळायला केडगावहून मामा आले. आईचे थोरले भाऊ. काठी टेकत, मागं मामी, तिच्या डोक्यावर पाटी. आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवत नाहीत. सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी घेऊन यायचं, आणि घरच्यांनी नको नको म्हटलं तरी पहिला घास आपल्या हातानं त्यांच्या तोंडात घालायचा. त्याला कडू घास म्हणतात. मामांनी चुलत्यांना घातला. चुलतीला घातला. मला घातला. भाकरी तोंडात नुसती फिरत होती, गिळवत नव्हती.

मग मामांनी इकडं तिकडं बघितलं. "रवी कुठाय?"

 मामांना थकव्यानं विसर पडला होता की त्यांना ठाऊक होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांनी मोबाइल पुढं धरला. तिकडं अजून उजाडलं नव्हतं. रवी स्वयंपाकघरात उभा होता, अंगात बाहेर जायचं जाकीट, पाठीमागं काळी खिडकी. घरात मनीषा आणि अन्वी झोपल्या असतील नाहीतर रडून थकल्या असतील. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि मोबाइलसमोर धरला.

"घे रं बाळा," ते म्हणाले. "खायाचा आसतो."

ओसरीत बसलेल्या एवढ्या माणसांपैकी कुणी हसलं नाही. मामांना कुणी थांबवलं नाही. रवीनं बघितलं आणि तोंड उघडलं. माझा भाऊ, एका मुलीचा बाप, लहान मुलासारखं तोंड उघडून उभा राहिला. पिठल्याचा एक थेंब काचेवर पडला.

मग मामांनी हात मागं घेतला, माझ्याकडे वळले आणि तो घास माझ्या तोंडाशी आणला. "त्याचा बी तूच खा, बाय," ते म्हणाले. माझा पहिला घास अजून तोंडातच होता. मी दुसरा घेतला. तिकडं रवीनं तोंड मिटलं, मान खाली घातली, आणि तोंडात काही नसताना तो किती तरी वेळ चावत राहिला.